हरभऱ्यावरची आंब

त्या थंडीत आमच्या घरात एकच खोली उबदार होती आणि तिच्यात कुणाला जाऊ देत नसत. कमलताई, माझी थोरली बहीण, धारहून बाळंतपणाला आली होती. स्वयंपाकघरामागची लहानशी खोली तिला दिली होती. दाराला घोंगडी, खिडकीला गोणपाट, खाटेखाली निखाऱ्यांची पाटी आणि सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची धुरी. तो वास घोंगडीच्या कडेनं बाहेर यायचा आणि उगाचच भूक लागायची. आत ताई, तिचं नवं बाळ आणि आईची ये-जा. बाहेर ताईची आधीची तीन मुलं आणि मी. नंदू सात वर्षांचा, जगातलं सगळं ठाऊक असलेला. छबी पाचाची, झोपेतसुद्धा बोलणारी. गोलूला चौथं लागायचं होतं. तो घोंगडीला नाक लावून उभा राहायचा आणि आतून बाळ रडलं की हाही सूर लावायचा. "वारं लागेल बाळाला, हो मागं," असं आई म्हणायची आणि मला हाक मारायची, "शालू, ने गं याला." मग मी त्याला काखेत मारून ओट्यावर आणायची. थोड्या वेळानं स्वारी पुन्हा घोंगडीपाशी हजर.

मी तेव्हा हायर सेकंडरी होऊन घरी बसले होते. घरी बसले असं म्हणायची पद्धत आहे, बसायला मिळत काही नव्हतं. आमचं घर पगड्या बांधणाऱ्यांचं. देवास एवढंसं गाव, पण एके काळी त्याला राजे दोन होते, एक थोरल्या पातीचे आणि एक धाकट्या पातीचे, आणि आमचे पूर्वज देशावरून थोरल्या पातीबरोबर इकडे आलेले. राजे गेले, दरबार गेले, तरी समोरच्या धाकट्या पातीवाल्यांना आमची आई "तिकडचे" म्हणायची, आणि तिकडच्यांकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की गल्लीत सगळ्यांच्या आधी हीच जाऊन बसायची. दादा, म्हणजे आमचे वडील, लग्नामुंजींच्या पगड्या बांधत. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. तिथं लाकडी डोकी ओळीनं मांडलेली असत, आणि त्यांना नाकडोळे नाहीत म्हणून गोलू त्या खोलीत पाऊल टाकत नसे. घरातल्या बायकांनी मलमल धुवायची, खळ द्यायची, पीळ घालताना दुसरं टोक धरून उभं राहायचं. कापड डोक्याला लावायचं ते फक्त दादांनी. आणि एक नियम होता, तो आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक होता. पगडीचं कापड फाडायचं नाही. तुकडा करायचाच तर कात्रीनं, तोही दादांनी, कापड आधी कपाळाला लावून. चुकून कधी मलमल फाटल्याचा आवाज घरात झाला तर दादा हातातलं काम खाली ठेवत आणि त्या दिवशी पुन्हा उचलत नसत. पगडी म्हणजे कुणाची तरी अब्रू, ती फाटल्याचा आवाज आपण कशाला ऐकायचा, असं त्यांचं म्हणणं. अजूनही कापडाच्या दुकानात कुणी टर्रकन तागा फाडला की माझी मान आपोआप वळते.

थंडीतलं खाणं मात्र राजांच्या तोडीचं होतं. संध्याकाळी आई गराडू तळायची. हा जाडजूड कंद आमच्या माळव्यातच मिळतो. त्याचे तुकडे दोनदा तळून वर मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं आणि जीभ भाजेस्तोवर खायचं. सकाळी मक्याची भाकरी, लसणीचं तिखट, वर लोण्याचा गोळा. ताईला वेगळं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि त्या डब्याभोवती तिन्ही पोरं मांजरासारखी फिरायची. आता मला लोणी बंद, तळलेलं बंद, आणि जे चालतं त्याला चव नाही. माझी भाचेसून कौतुकानं ओट्स करून आणते. मी खाते. ती गेली की थोडं तिखट घालून घेते.

तर त्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या वत्सलाबाई माहेरी आल्या होत्या. त्या कन्नौदला बालवाडी चालवायच्या. त्यांना हाताखाली एक मुलगी हवी होती, राहायची सोय त्यांच्याच घरी. तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा मी ओट्यावर या तिघांना घेऊन बसले होते. लाकडी डोक्यांची लग्नं लावायचा आमचा खेळ चालला होता आणि गोलूनं प्रथमच एका डोक्याला हात लावला होता. बाई बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. आत जाऊन त्यांनी दादांना सरळ विचारलं, "शालूला माझ्याकडे पाठवता का?" मी दाराआड. मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं की मला हे हवं आहे. एकदा ठाऊक झाल्यावर दुसरं काही सुचेना.

दादा नाही म्हणाले नाहीत. ते नाही कधीच म्हणत नसत, गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्याखाली आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी गाडल्या गेल्या होत्या. पण बाई परत जायच्या आधी उत्तर मागणार होत्या. म्हणून आदल्या दिवशी मीच धीर करून दुकानात गेले.

"दादा, कन्नौदचं काय?"

ते पगडीचा पेच बसवत होते. वर न बघता म्हणाले, "घरातली तीन पोरं सांभाळताना तू आईला दहा हाका मारतेस. तिथं खोलीभर असतील. हाक कुणाला मारशील?"

"नाही मारणार."

"असं?" त्यांनी पेच दाबला, लाकडी डोकं थोडं फिरवून बघितलं. "बरं. माझी आंब आणायची आहे. भेरूच्या शेतावर उद्या तू जा. तिघांनाही ने. आंब आण, पोरं कोरडी आण, आणि एकाचंही रडणं माझ्या कानावर येता कामा नये. मग बघू कन्नौदचं."

आंब म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण परवा मी आमच्या सोसायटीत हा शब्द उच्चारला तर सगळ्यांना आंबा वाटला. थंडीत हरभऱ्याच्या झाडावर जे दव साचतं ते पानांच्या अंगचा आंबटपणा घेतं. पहाटे मलमलीचा तुकडा त्या झाडांवरून ओढत न्यायचा, भिजला की पिळायचा. निघतं ते पाणी म्हणजे आंब. पोटदुखीवर थेंबथेंब पाण्यातून घ्यायची. दादांना पोटाचा जुना त्रास, दिवसभर मांडी घालून वाकून बसण्याचा. त्यांचा डॉक्टरवर जेवढा विश्वास नव्हता तेवढा त्या बाटलीवर होता. दर थंडीत ते स्वतः जाऊन वर्षाची बेगमी करून आणत. लहानपणी कापडाचं दुसरं टोक धरायला मीच असायची. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता. आंब ऊन पडायच्या आत काढावी लागते, उन्हानं ती उडून जाते. म्हणजे एका हाती सूर्याशी शर्यत आणि दुसऱ्या हाती गोलू.

पहाटे तिघांना उठवलं तेव्हा टेकडीवरच्या देवीची घंटा वाजत होती. आईनं प्रत्येकाला दोन-दोन स्वेटर घातले, कानटोप्या चढवल्या, गालांना आणि हातांना साय चोळली. माळव्याच्या कोरड्या वाऱ्यानं मुलांचे हात इतके उललेले की बोटांच्या पेरांवर बारीक लाल रेघा दिसायच्या. दादांनी मला बाटली दिली, गाळणं दिलं आणि जुन्या पगडीच्या मलमलीच्या दोन लांब घड्या. एक फार भिजली तर दुसरी. निघताना गोलूनं घोंगडीकडे बघितलं आणि त्याचा खालचा ओठ पुढे आला. मी म्हटलं, "चला, धूर सोडत जाऊ." रस्त्यावर आलो आणि नंदूनं तोंडातून पहिली वाफ सोडली, दोन बोटं ओठांशी धरून, अगदी चौकातल्या टांगेवाल्यासारखी. मग तिघंही विड्या ओढत निघाले.

टेकडीला वळसा घालून उज्जैनच्या रस्त्यानं थोडं गेलं की एक गाडीवाट फुटायची. दोन्हीकडे गहू, लसणाचे वाफे, मधूनच सरसोंचा पिवळा पट्टा, आणि सगळ्यावर गुडघाभर धुकं. मी एकटी असते तर अर्ध्या तासात पोचले असते. पण लहान मुलं कुठं जात नसतात, ती नुसती असतात, हे मला त्या वाटेवर कळलं. बाभळीला कोळ्याचं जाळं, त्यावर दवाचे थेंब. गोलू त्याच्यापुढे जाऊन जो उभा राहिला तो हलेना.

"मावशी, हे मकडीचं घर आहे?" छबीनं विचारलं. धारच्या हिंदी शाळेत जाणारी पोरं. बोलणं असं दोन्हीकडचं.

"हो. चल आता."

"मकडी कुठं गेली?"

"आंब आणायला," नंदू म्हणाला.

"तिच्या बाबांचं पण पोट दुखतं?"

पुढे टिटवी ओरडली, तर तिला काय झालं हे बघायला थांबलो. गाडीवाटेच्या चाकोरीत पाण्यावर पापुद्र्याएवढं बर्फ धरलं होतं. नंदूनं ते उचलून छबीच्या हातात दिलं, छबीनं गोलूच्या, आणि गोलूनं खाऊन टाकलं. पूर्वेकडे उजळत होतं. माझं सगळं लक्ष टेकडीच्या माथ्याकडे. ऊन आधी तिथं पडायचं. मी गोलूला कडेवर घेतलं आणि बाकी दोघांना म्हटलं, "पळत सुटा, जो पहिला पोचेल त्याच्या हातात बाटली." तेव्हा कुठं शेत आलं.

भेरूकाका विहिरीवरची मोटर चालू करायला आले होते. दादांचे जुने स्नेही; त्यांच्या दोन्ही पोरांच्या लग्नाच्या पगड्या आमच्याकडच्या.

"अरे शालू बेन! दादा नी आया?"

"नाही काका, घुटणा दुखतोय त्यांचा."

"तो ये इत्ती बड़ी फौज भेजी हे?" त्यांनी नंदूची कानटोपी सारखी केली. "जाओ, वो कोनेवाला खेत लो. उसमें खूब आंब हे."

हरभरा फुलात होता, कुठे कुठे घाटे धरलेले. झाडं पांढुरकी दिसत होती, इतकं दव. मी एक घडी उलगडली. एक टोक मी धरलं, दुसरं नंदू आणि छबीनं मिळून, आणि मधे कापडाखालून गोलू, म्हणजे आमच्या बरोबर सगळं शेत चालतंय असं त्याला वाटत होतं. आम्ही कापड झाडांवरून ओढत निघालो. सरसर आवाज व्हायचा. टोकाला पोचलो की कापड जड झालेलं असायचं. मी पिळायची, नंदू बाटलीवर गाळणं धरायचा. बाटलीच्या तळाला बोटभर पिवळसर पाणी जमलं. एवढा आनंद मला परीक्षेत पास होऊनही झाला नव्हता. टेकडीच्या माथ्यावर ऊन आलं होतं, पण आमच्यापर्यंत यायला वेळ होता. मी मनातल्या मनात कन्नौदला जाऊन पोचले होते. बालवाडीच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा तेही ठरवलं होतं.

तिसरी की चौथी फेरी असेल. छबी बोलायची थांबली होती. हे माझ्या ध्यानात जरा उशिरानं आलं, कारण पक्षी ओरडत होते. वळून बघितलं तर तिनं टोक घट्ट धरलं होतं, ओठ आत ओढून घेतले होते, आणि गालांवरून पाणी वाहून कानटोपीच्या बंदात मुरत होतं.

"छबे, काय झालं?"

"काही नाही."

"रडतेस तू?"

"मी नाही रडत आहे," ती म्हणाली आणि हुंदका आलाच, तो तिनं गिळला.

मी तिचे हात उघडून बघितले. तळवे लालभडक, पेरांवरच्या चिरा सुजून आलेल्या. आंबट पाणी उललेल्या कातडीत शिरलं होतं. नंदूचेही तेच. त्यानं हात काखेत लपवले. म्हणाला, "मावशी, मीच सांगितलं तिला. रडलं तर तुला कन्नौद नाही मिळणार. आम्ही नाही रडणार, तू कर." गोलूचे हात मी बघायला गेले तर त्यानं दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या आणि मान जोरात हलवली. साडेतीन वर्षांचं पोर. त्यालाही सांगून ठेवलं होतं.

मी तिथं त्या ओल्या हरभऱ्यात उभी राहिले. बाटली पाव भरली होती. अजून पाऊण तास ऊन येणार नव्हतं आणि तेवढ्यात ती भरली असती. तीन पोरं ओठ मिटून माझ्यासाठी उभी होती, एकानंही हूं केलं नसतं, दादांनी घातलेली अट तंतोतंत पूर्ण झाली असती. मला फार राग आला. आधी पोरांचा, मग दादांचा, मग त्या बाटलीचा. आणि मग एकदम आठवलं, म्हणजे डोक्याला नाही, हातांना आठवलं, की हे असं झोंबतं. मीही अशीच टोक धरून उभी असायची. सोस थोडं, झालंच आता, असं दादा पुढून म्हणायचे आणि मी सोसायची. आपण सोसणारी मुलगी आहोत याचा मला अभिमानही वाटायचा. तो अभिमान मला छबीच्या तोंडावर दिसला आणि मुळीच आवडला नाही.

"सोडा ते कापड," मी म्हटलं. "आणि रडा. ज्याला रडायचं आहे त्यानं मोठ्यांदा रडा."

परवानगी मिळाल्याबरोबर तिघांनी जो गळा काढला तो भेरूकाकांनी मोटरीच्या आवाजातून ऐकला. मी तिघांना ओढत विहिरीवर नेलं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. पाइपातून हौदात पडताना त्याची वाफ निघत होती. मी त्यांचे हात त्या धारेखाली धरले. रडणं हळूहळू कमी झालं. मग छबी म्हणाली, "गरम आहे," जणू कुणी तिच्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलं होतं. गोलूनं वाफेत तोंड घातलं. मग तो वाकला, आणखी वाकला, आणि स्वेटर, कानटोपी, बूट यांसकट हौदाखालच्या पाटात जाऊन बसला. पाण्यात बसून त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हसला. ताई खोलीत गेल्यापासून तो असा हसलाच नव्हता. मी त्याला काढायला वाकले तोवर नंदूनंही उडी मारली होती, आणि छबी कुठे मागे राहते.

पोरं कोरडी आण, असं दादा म्हणाले होते.

पाण्यातून बाहेर काढल्यावर मात्र वारा लागला आणि तिघांचे दात वाजायला लागले. भेरूकाकांची बायको, आमची काकी, खोपटातून धावत आली. "हाय रे, छोरा के ठंड लागी जायगी! यां लाओ, यां." तिनं तुरीच्या काड्यांचा जाळ केला, ओले कपडे उतरवले, आपली गोधडी तिघांना मिळून गुंडाळली. पण डोकी ओली, कानटोप्या निथळत होत्या, आणि केसांतून पाणी पाठीवर. पुसायला कोरडं कापड कुठलं? तेव्हा मला दुसरी घडी आठवली. कोरडी, मऊ, लांबच लांब. तिघांना एक पुरायची तर तिचे तीन पट्टे करायला हवे होते. काकीपाशी विळा होता, पण तो मातीनं भरलेला. मी काठ दातात धरला. एक क्षण थांबले. मग दोन्ही हातांनी ओढलं.

त्या मोकळ्या शेतात तो आवाज केवढा मोठा वाटला. काही झालं नाही. भेरूकाका मोटर बंद करत होते, काकी जाळावर हरभऱ्याचे डहाळे टाकत होती. मी दुसऱ्यांदा फाडलं, आणि मग गोलूचं डोकं गुडघ्यात धरून पुसलं, आणि पुसता पुसता हात आपोआप पेच घालायला लागले. पगडी मी आयुष्यात बांधली नव्हती. फक्त दुसरं टोक धरून बघितलं होतं, इतकी वर्षं. तिघांची डोकी बांधून झाली. गोलूनं दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. मग आम्ही जाळाभोवती बसून होरपळलेले घाटे सोलून खाल्ले, गरम, धुरकट, आतून हिरवे. तोंडं काळी, हात काळे. ऊन शेतात आलं आणि झाडांवरची उरलेली आंब आमच्यादेखत उडून गेली. मी बघत बसले. गोलू माझ्या मांडीवर होता, आणि त्याचं अंग गरम लागत होतं म्हणून मी दर थोड्या वेळानं त्याच्या पोटाला हात लावून बघत होते. ताप नव्हता, जाळाचीच ऊब होती.

परत आलो तोवर जाळावर शेकून घातलेले कपडे अंगावर बरेचसे वाळले होते. चौकात पोहेवाला ओरडला, "क्यों भिया, ये बरात कां जा री हे?" नंदूनं ताठ मानेनं हात वर केला. मला हसू येत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नसावं असं मी मनात म्हणत होते, आणि नव्हतं. दादा ओट्यावर आमचीच वाट बघत बसले होते. त्यांनी तीन काळी तोंडं बघितली, तीन पगड्या बघितल्या, पट्ट्यांचे लोंबणारे दोरे बघितले.

"फाडलंस."

"हो."

"आंब?"

मी बाटली पुढे केली. पाव भरलेली.

"एवढीच?"

मी काही बोलायच्या आत छबी पुढे झाली. "आजोबा, आम्ही रडलो. तिघं पण. मावशीनं सांगितलं म्हणून रडलो."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पोरांचे हात उललेले होते. त्यात झोंबली. मी थांबवलं." पाण्याचं, ओल्या कपड्यांचं अजून सांगायचं होतं. दादांनी छबीला जवळ ओढलं आणि तिचे तळवे उघडून बघितले, कापडाचा पोत बघायचे तसे, उजेडाकडे धरून. आतून बाळाचं रडणं आलं आणि थांबलं.

"तुला पण झोंबायची?" त्यांनी विचारलं. मला वाटलं छबीला विचारतात. मग कळलं की मला.

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाही, दादा."

हे मी उलट उत्तर म्हणून म्हटलं नव्हतं, खरं होतं तेच म्हटलं. ते उठले, गुडघा धरत आत गेले, सायीची वाटी घेऊन आले आणि ओट्यावर बसून एकेकाचे हात माखायला लागले. आधी छबी, मग नंदू. गोलूनं हात दिले, पण पगडीला हात लावू देईना. "पेच उलटा घातलाय," दादा त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाले. तो सुधारायला त्यांनी हात नेला तेव्हा गोलूनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं, आणि दादांनी हात मागे घेतला. त्या दिवशी त्यांनी दुकानातलं काम खाली ठेवलं नाही. मी कान देऊन होते. उशिरापर्यंत कात्रीचा आवाज येत होता.

गोलू आता धारला एका पतसंस्थेत साहेब आहे, पोट सुटलेला, डोक्यावर एक केस नाही. त्याला ही गोष्ट सांगितली की तो म्हणतो, मावशी, मला काहीच आठवत नाही. छबीला सगळं आठवतं. ती फोनवर तासभर बोलते.

त्या दुपारी जेवणं झाली. पोरं पगड्यांसकट झोपली होती. मी भांडी विसळत होते आणि वत्सलाबाईंना काय सांगायचं ते मनाशी जुळवत होते; या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिकडे सहसा येत नसत. आई ताईच्या खोलीतून बाहेर येत होती, तिला म्हणाले, "पिंजाऱ्याला निरोप धाड. शालूसाठी एक रजई भरून घ्यायची. रुई जरा जास्त घाल म्हणावं."

"कशाला?" आई म्हणाली. "आहे की तिची."

"ती इथल्यापुरती ठीक आहे. कन्नौदला ठंड फार असते."

माझ्या हातातलं भांडं निसटून मोरीत पडलं. कन्नौद आमच्यापेक्षा कितीतरी खाली, घाट उतरून नर्मदेच्या बाजूला. देवासला पाणी गोठतं तेव्हा तिथं लोक नुसती शाल घेऊन फिरतात. दादा पगड्या घेऊन लग्नसराईत कन्नौदलाच काय, पार नेमावरपर्यंत जाऊन आलेले होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. आईलाही ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि पदराला हात पुसले.

"फार असते," आई म्हणाली. "दोन भरून घेऊ."